निवडणुकीतील पर्यावरणविषयक वचन कसे तपासावे : लुला आणि ॲमेझॉनचे उदाहरण

निवडणूक जवळ आली की बहुतेक उमेदवारांच्या जाहीरनाम्यात नद्या स्वच्छ होतात, लाखो झाडे लावली जातात आणि हवामानबदलाविरुद्ध लढा पुकारला जातो. अशा वचनाबद्दल दोन मते चटकन सुचतात. एक, सगळे राजकारणी सारखेच. दुसरे, आमचा उमेदवार मनापासून बोलतो आहे. दोन्ही मतांनी अभ्यास पुढे सरकत नाही. उमेदवाराच्या मनात काय आहे हे मतदाराला तपासता येत नाही. वचनाचे शब्द कोणते, ते पुरे करण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि मोजमाप कोण करतो, हे मात्र तपासता येते. प्रस्तुत टिपणात हे तीन प्रश्न ब्राझीलच्या 2022 च्या अध्यक्षीय निवडणुकीला लावून पाहू. हे उदाहरण निवडण्याचे कारण म्हणजे तेथे वचन स्पष्ट होते, ते मोजणारी स्वतंत्र यंत्रणा होती आणि निकालानंतरची काही वर्षे आता आपल्यासमोर आहेत.

पार्श्वभूमी

30 ऑक्टोबर 2022 रोजी मतदानाच्या दुसऱ्या फेरीत लुइस इनासिओ लुला दा सिल्वा यांना 50.9 टक्के, तर तत्कालीन अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांना 49.1 टक्के मते मिळाली. फरक सुमारे 21 लाख मतांचा होता. ब्राझीलसारख्या मोठ्या देशात हा निसटता विजय म्हणावा लागेल.

ॲमेझॉनचे जंगल हा या निवडणुकीतील एक ठळक विषय होता आणि त्याला केवळ निसर्गप्रेमाचे कारण नव्हते. ब्राझीलच्या हरितगृह वायूंपैकी जवळपास निम्मा वाटा जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातील बदल यांतून येतो. भारतात किंवा चीनमध्ये हवामानकृती म्हटले की प्रथम कोळसा आठवतो, ब्राझीलमध्ये करवत आणि आग आठवते. शिवाय ॲमेझॉनच्या झाडांनी हवेत सोडलेले बाष्प वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे जाते आणि त्या भागातील शेतीला व धरणांना पाऊस देते. म्हणजे जंगल तोडून ज्या सोयाबीनसाठी जमीन मोकळी केली जाते, त्या सोयाबीनचा पाऊसही काही प्रमाणात त्याच जंगलावर अवलंबून आहे.

लुला हे नवखे उमेदवार नव्हते. 2003 ते 2010 अशा दोन कार्यकाळांत ते अध्यक्ष होते. त्यामुळे त्यांचे वचन तपासताना मागची नोंद उपलब्ध होती, आणि ती सरळ एका बाजूची नाही. 2004 मध्ये ॲमेझॉनमधील एका वर्षाची जंगलतोड 27,772 चौरस किलोमीटर होती. त्याच वर्षी सरकारने जंगलतोड रोखण्याचा कृती आराखडा आणला. उपग्रहाच्या जवळपास रोजच्या इशाऱ्यांवरून वनरक्षकांची पथके पाठवणे, नवी संरक्षित क्षेत्रे जाहीर करणे, सर्वाधिक तोड होणाऱ्या नगरपालिका क्षेत्रांची यादी प्रसिद्ध करणे आणि 2008 पासून नियम न पाळणाऱ्या जमीनमालकांचे बँककर्ज अडवणे, असे उपाय टप्प्याटप्प्याने झाले. 2012 मध्ये आकडा 4,571 चौरस किलोमीटरवर आला, म्हणजे 83 टक्क्यांहून अधिक घट. माझ्या मते यातला सर्वांत परिणामकारक उपाय कर्ज अडवण्याचा होता. दंडाची नोटीस वर्षानुवर्षे लांबवता येते, पण पेरणीच्या तोंडावर नाकारलेले कर्ज लांबवता येत नाही.

या धोरणाच्या मागे होत्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मारिना सिल्वा. आक्रे राज्यातील रबराचा चीक गोळा करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. 1988 मध्ये खून झालेले रबर कामगारांचे नेते शिको मेंदेस यांच्या त्या सहकारी होत्या. 2008 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळातील मतभेदांमुळे त्यांनी राजीनामा दिला, पुढे लुला यांचा पक्ष सोडला आणि 2010, 2014, 2018 अशा तीन निवडणुकांत स्वतः अध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या. त्यानंतर शिंगू नदीवरचे बेलो मोन्ते धरण मूळ रहिवाशांचा विरोध असतानाही लुला आणि त्यांच्या उत्तराधिकारी जिल्मा रूसेफ यांच्या सरकारांनी पुढे रेटले. जंगलतोड कमी करणारे सरकार आणि धरण रेटणारे सरकार एकच होते, हे विसरून चालणार नाही.

2022 च्या सप्टेंबरमध्ये मारिना सिल्वा पुन्हा लुला यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, पण मोकळ्या हाताने नव्हे. पर्यावरणविषयक मागण्यांचे एक लेखी टिपण त्यांनी पुढे ठेवले आणि लुला यांनी ते जाहीरपणे स्वीकारले. युतीची अट म्हणून आलेले लेखी कलम हे सभेतील घोषणेपेक्षा वजनदार असते, कारण ते मोडले तर सोबती उठून जाऊ शकतो. मारिना सिल्वा यांनी तसे एकदा करून दाखवले होते.

वचनाचे शब्द

आता शब्दांकडे वळू. तीन वाक्ये ऐकायला सारखी वाटतात : बेकायदा जंगलतोड शून्य करू, निव्वळ जंगलतोड शून्य करू, जंगलतोड शून्य करू. कायद्याच्या आणि आकड्याच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी वचने आहेत.

ब्राझीलच्या 2012 च्या वनसंहितेनुसार ॲमेझॉनच्या वनप्रदेशात खासगी जमिनीच्या 80 टक्के भागावर जंगल राखावे लागते. उरलेल्या 20 टक्क्यांवरची तोड परवाना घेऊन कायदेशीरपणे करता येते. म्हणून ‘बेकायदा तोड शून्य’ या वचनात कायदेशीर तोड चालूच राहते. शिवाय कायदा सैल केला तर एकही झाड न वाचवता बेकायदा तोड कमी झालेली दिसेल. ‘निव्वळ’ हा शब्द दुसरी वाट उघडतो. येथे तोड चालेल, पण दुसरीकडे तेवढे जंगल पुन्हा उभे केले की हिशेब शून्य होतो. शंभर वर्षांचे जंगल आणि पाच वर्षांची रोपे या हिशेबात समान धरली जातात.

बोल्सोनारो यांनीही एप्रिल 2021 मधील जागतिक नेत्यांच्या हवामान परिषदेत 2030 पर्यंत बेकायदा जंगलतोड संपवण्याचे वचन दिले होते. लुला यांच्या 2022 च्या कार्यक्रमपत्रिकेत बेकायदा तोडीविरुद्ध लढा आणि निव्वळ शून्य तोड अशी भाषा होती. निकालाच्या रात्रीच्या भाषणात आणि नोव्हेंबर 2022 मध्ये इजिप्तमधील शर्म अल-शेख येथील परिषदेत मात्र त्यांनी शून्य जंगलतोडीची भाषा केली. पुढे जून 2023 मध्ये जाहीर झालेल्या कृती आराखड्यात 2030 पर्यंत शून्य जंगलतोड हे उद्दिष्ट आले. उमेदवाराचे वचन छापील कार्यक्रमापेक्षा भाषणात कडक होणे ही नेहमीची गोष्ट आहे. येथे सरकारी आराखड्यातही ते उद्दिष्ट उतरले, हे कमी वेळा घडते.

आणखी एक मुद्दा. 2018 च्या प्रचारात बोल्सोनारो यांनी मूळ रहिवाशांसाठी एक सेंटीमीटरही नवी जमीन आखून देणार नाही, असे सांगितले होते. ते वचन त्यांनी तंतोतंत पाळले. काही न करण्याचे वचन पाळायला निधी लागत नाही, कर्मचारी लागत नाहीत आणि बहुमतही लागत नाही. संरक्षणाच्या वचनाला हे सगळे लागते. उमेदवारांची तुलना करताना ‘कोणी वचन पाळले’ एवढाच प्रश्न विचारला, तर उत्तर फसवे येते.

मोजपट्टी कोणाच्या हाती

ब्राझीलची राष्ट्रीय अंतराळ संशोधन संस्था, जी ‘इन्पे’ या नावाने ओळखली जाते, 1988 पासून उपग्रहचित्रांच्या आधारे ॲमेझॉनमधील वार्षिक जंगलतोड मोजते. या प्रणालीचे नाव ‘प्रोदेस’. त्याखेरीज ‘देतेर’ ही दुसरी प्रणाली 2004 पासून जलद इशारे देते. पहिली हिशेबासाठी, दुसरी पोलिसी कारवाईसाठी. 2019 मध्ये वाढत्या तोडीचे आकडे बाहेर येताच अध्यक्ष बोल्सोनारो यांनी त्यांवर शंका घेतली आणि ऑगस्टमध्ये संस्थेचे संचालक, भौतिकशास्त्रज्ञ रिकार्दो गाल्व्हाँव यांना पदावरून जावे लागले. तरी मोजणी थांबली नाही आणि आकडे प्रसिद्ध होत राहिले. त्यामुळेच 2021 चा 13,038 चौरस किलोमीटर हा आकडा आपल्याला माहीत आहे. दिल्लीच्या क्षेत्रफळाच्या साधारण नऊपट जंगल एका वर्षात गेले.

प्रोदेसचे वर्ष 1 ऑगस्टपासून 31 जुलैपर्यंत असते, हे परीक्षेत विचारले जात नाही, पण विचारायला हवे. लुला यांनी 1 जानेवारी 2023 रोजी पदभार घेतला. म्हणून 2023 च्या आकड्यातील पहिले पाच महिने आधीच्या सरकारचे आहेत. त्या वर्षीची 9,064 चौरस किलोमीटर ही संख्या 2022 च्या 11,594 पेक्षा कमी आहे, पण त्यातून नव्या सरकारची कामगिरी पूर्ण दिसत नाही. देतेरच्या इशाऱ्यांनुसार जानेवारी ते जुलै 2023 या सात महिन्यांत तोड आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे 42 टक्क्यांनी घटली होती. 2024 चा आकडा 6,288 आहे. 2022 शी तुलना केली तर सुमारे 46 टक्के घट. 2025 चा प्राथमिक अंदाज 5,796 चौरस किलोमीटर असा आहे.

घट कशी झाली? बहुतांशी जुन्याच उपायांनी. मारिना सिल्वा पुन्हा मंत्री झाल्या. वनसंरक्षणाची ‘इबामा’ ही संस्था पुन्हा दंड आकारू व यंत्रे जप्त करू लागली. नॉर्वे व जर्मनीच्या पैशावर 2008 मध्ये सुरू झालेला आणि 2019 पासून गोठलेला ॲमेझॉन निधी कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी पुन्हा उघडण्यात आला. कार्यकारी आदेशाने जे होऊ शकते, ते वेगाने झाले.

अधिकार कोणाकडे

जेथे संसदेची संमती लागत होती तेथे चित्र उलटे आहे. लुला यांच्या पक्ष-महासंघाला कनिष्ठ सभागृहातील 513 जागांपैकी सुमारे 80 जागा होत्या, आणि मोठ्या शेतीमालकांची बाजू घेणाऱ्या सर्वपक्षीय गटात निम्म्याहून अधिक सदस्य. 2023 च्या मे-जूनमध्ये मंत्रालयांची फेररचना मंजूर करताना संसदेने ग्रामीण जमिनींची पर्यावरणीय नोंदवही आणि जलसंस्था पर्यावरण मंत्रालयाकडून काढून घेतली. मूळ रहिवाशांच्या जमिनी आखण्याचे कामही नव्याने स्थापन केलेल्या त्यांच्या मंत्रालयाऐवजी न्याय मंत्रालयाकडे गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, 1988 मध्ये राज्यघटना लागू झाली त्या दिवशी जमीन ताब्यात असण्याची अट मूळ रहिवाशांच्या हक्काला लावता येणार नाही. संसदेने तीच अट कायद्यात घातली. लुला यांनी नकाराधिकार वापरला. डिसेंबर 2023 मध्ये संसदेने तो फेटाळला.

पर्यावरण परवान्यांचे नियम सैल करणारे विधेयक जुलै 2025 मध्ये मंजूर झाले. लुला यांनी 63 तरतुदी नाकारल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेंग शहरात संयुक्त राष्ट्रांची तिसावी हवामान परिषद भरली. ती संपून आठवडा व्हायच्या आत संसदेने त्यांपैकी बहुतेक तरतुदी पुन्हा जिवंत केल्या.

अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे वचन तपासणारा मतदार त्याच दिवशी संसद सदस्यही निवडत असतो. ब्राझीलमध्ये अनेकांनी अध्यक्षासाठी एका बाजूला आणि संसदेसाठी दुसऱ्या बाजूला मत दिले. वचनाचा अर्धा निकाल तेथेच लागला होता.

पण सगळा दोष संसदेवर टाकून मोकळे होता येत नाही. आमापा राज्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात, ज्या पट्ट्याला ‘ॲमेझॉनचे मुख’ म्हणतात, तेथे तेलाचा शोध घेण्यासाठी सरकारी कंपनी पेत्रोब्रास हिने परवाना मागितला होता. मे 2023 मध्ये इबामाने तो नाकारला. त्यानंतर स्वतः लुला यांनी परवान्याच्या विलंबावर जाहीर टीका केली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये, बेलेंगची परिषद तोंडावर आली असताना, शोधविहिरीचा परवाना मिळाला. समर्थकांचे म्हणणे असे की गरीब राज्याला उत्पन्न हवे आणि ऊर्जाबदलाचा खर्चही तेलातूनच येईल. विरोधकांचे म्हणणे असे की जंगल वाचवून तेल काढणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेणे. प्रचारातील वचन जंगलाबद्दल नेमके होते, तेलाबद्दल तसे नव्हते. वचनात जे अनुल्लेखित राहते, त्याचीही नोंद अभ्यासकाने ठेवावी.

मोजपट्टीबाहेर राहिलेले

प्रोदेस मुख्यतः सपाट तोड मोजते. आगीने किंवा निवडक लाकूडतोडीने विरळ झालेले जंगल त्या मुख्य आकड्यात येत नाही. 2023 आणि 2024 मध्ये ॲमेझॉनला भीषण दुष्काळ पडला. मानाउस शहराजवळ रिओ नेग्रो नदीची पातळी शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदीतील नीचांकावर 2023 मध्ये गेली आणि 2024 मध्ये त्याहून खाली. जेथे रस्ते नाहीत आणि नदी हाच रस्ता आहे, तेथे नदी आटली म्हणजे धान्य, औषध, शाळा सगळेच तुटते. 2024 मध्ये तोडीचा आकडा घटत असतानाच आगींनी मोठे क्षेत्र जाळले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सरकारी जाहिरातीत अर्थातच पहिलीच छापली जाते.

ॲमेझॉनच्या दक्षिणेला आणि पूर्वेला ‘सेहादो’ हा गवताळ-झुडपी प्रदेश आहे. तेथे खासगी जमिनीवर राखण्याचे प्रमाण बहुतेक ठिकाणी फक्त 20 टक्के. 2023 मध्ये ॲमेझॉनची तोड घटली, पण सेहादोची वाढून 11,011 चौरस किलोमीटर झाली. 2024 मध्ये ती 8,174 वर उतरली. जंगलाचे नाव जगभर गाजते, गवताळ प्रदेशाचे नाही, म्हणून वचनेही जंगलाचीच दिली जातात. आपल्याकडे माळरानांना सरकारी कागदात ‘पडीक’ म्हणण्याची जी सवय आहे, ती येथे आठवावी.

हेच प्रश्न भारतात

भारतात अध्यक्षीय पद्धत नाही, त्यामुळे ‘अधिकार कोणाकडे’ हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत आले. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद 48-अ आणि 51-अ (ग) घटनेत घातले. पाणी व जमीन हे मुख्यतः राज्यांचे विषय आहेत. वनजमीन इतर कामासाठी वळवायची तर 1980 च्या वनसंरक्षण कायद्यानुसार केंद्राची पूर्वसंमती लागते. 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी केंद्राकडून, तर त्याखालच्या गटातील प्रकल्पांना राज्यस्तरीय प्राधिकरणाकडून मिळते. शहरातला कचरा महापालिकेकडे. म्हणून विधानसभेच्या उमेदवाराने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले तर ते केंद्राचे वचन उसने घेतलेले असते, आणि लोकसभेच्या उमेदवाराने नाले साफ करण्याचे वचन दिले तर ते नगरसेवकाचे. खासदाराच्या हाती स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवण्याचा अधिकार असतो. पण त्याचे खरे हत्यार म्हणजे सभागृहातील प्रश्न, विधेयकावरील मत आणि स्थायी समितीतील काम. विद्यमान खासदार पुन्हा उभा असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर त्याने विचारलेले प्रश्न पाहता येतात. 2023 मध्ये वनसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा तो काय बोलला, की काहीच बोलला नाही, हे जाहीरनाम्यापेक्षा बोलके असते.

जाहीरनामा न्यायालयात लागू करून घेता येत नाही. 2013 मध्ये सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातील आश्वासने भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत असे म्हटले, पण निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. त्यानुसार आश्वासनामागची कारणे आणि पैसा ढोबळमानाने कोठून येणार हे पक्षांनी सांगणे अपेक्षित आहे. याउलट 2024 मध्ये एम. के. रणजितसिंह प्रकरणात, माळढोक पक्ष आणि विजेच्या तारा यांच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद 14 आणि 21 मधून निघतो असे मान्य केले. त्याच निकालात सौरऊर्जेच्या गरजेपोटी माळढोकासाठीचा आधीचा सरसकट आदेश सैलही झाला. हवामानकृती आणि निसर्गसंरक्षण हे शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण ते नेहमी एकाच बाजूला उभे नसतात. जैसलमेरच्या माळावर ते समोरासमोर आले.

मोजपट्टीच्या बाबतीत भारतीय वन सर्वेक्षणाचा वनस्थिती अहवाल पाहावा लागतो. त्यात किमान एक हेक्टर क्षेत्रावर 10 टक्के किंवा अधिक छत्र असेल तर ते ‘वनाच्छादन’ धरले जाते, मग जमीन कोणाचीही असो आणि झाडे कोणतीही असोत. निलगिरीची लागवड, आंब्याची बाग, नारळी-पोफळी, जुने साग-वन, सगळे एकाच रकान्यात. ‘आमच्या काळात वनक्षेत्र वाढले’ असे कोणी सांगितले तर ते या व्याख्येनुसार खरे असू शकते आणि त्याच काळात एखादे नैसर्गिक जंगल खाणीखाली गेलेलेही असू शकते. अहवालातील अतिघनदाट जंगलाचा आणि नोंदणीकृत वनजमिनीतील बदलाचा तक्ता वेगळा उघडून पाहिला की दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येतात.

अभ्यासासाठी

आपल्या मतदारसंघातील मागील निवडणुकीतील कोणत्याही एका उमेदवाराचे एक पर्यावरणविषयक वचन घ्या. ते मूळ शब्दांत लिहा, त्यातील ‘बेकायदा’, ‘निव्वळ’, ‘शक्य तेथे’ अशा विशेषणांखाली रेघ मारा, आणि ते काम कोणत्या स्तरावरील कोणत्या कार्यालयाच्या सहीने होते ते शोधा. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातील जमीन, भागभांडवल व व्यवसाय यांची नोंदही सोबत जोडा.